पमीचा हात, माझी सही

सरकारी नोकरीत माणसाचा हात धडधाकट असूनही कागदोपत्री नाहीसा होऊ शकतो, हे मी स्वानुभवाने सांगतो. माझा उजवा हात असाच गेला. अपघात नाही, आजार नाही; सात वर्षांच्या मुलीशी केलेल्या करारात गेला. यावर कोणी म्हणेल, नेरकर, मुलीशी कोणी करार करतं का? बरोबर आहे. मीही त्याच मताचा होतो. आईबापांनी सांगायचं आणि मुलांनी ऐकायचं, ही पद्धत आमच्या घराण्यात तीन पिढ्या चालत आली आणि तिच्यातूनच मी तयार झालो. तेव्हा पद्धतीत काही खोट असेल अशी शंका मला कधी आली नाही. बायकोला आली असेल, पण तिने ती बोलून दाखवली नाही.

अडुसष्ट सालची गोष्ट. सुरुवात अक्काच्या कार्डाने झाली. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण, धुळ्याला असते. वडील गेल्यापासून घराण्याचा कारभार ती धुळ्याहून पोस्टकार्डावर चालवते आणि आम्ही जळगावात तो अमलात आणतो. कार्डात तिच्या मुलाच्या लग्नाचं लिहिलं होतं, "चि. मुरलीधरचे लग्न वैशाख शुद्ध दशमीला धुळ्यासच होईल. करवली पमी. परंतु दिवाळीत पोर डाव्या हाताने जेवताना मी डोळ्यांनी पाहिली. व्याही नंदुरबारचे, बारीक नजरेचे आहेत. पाच आठवडे आहेत. हात सुधारला तर पमी, नाहीतर माझ्या धाकट्या जावेची मुलगी आहेच. कळावे."

जावेच्या मुलीची ती ओळ पमीने माझ्या खांद्यावरून वाचली आणि तिचं तोंड एवढंसं झालं. दिवाळीपासून ती मनाने करवली होऊनच वावरत होती. नवं परकर-पोलकं घालायचं, नवरदेवाच्या मागे कऱ्हा धरून उभं राहायचं आणि सगळ्या मांडवाने आपल्याकडे बघायचं. सात वर्षांच्या मुलीला याहून मोठं पद नाही. तांब्यावर नारळ ठेवून ती अंगणात फेऱ्या घालायची आणि गल्लीतल्या एका कुत्र्याला नवरदेव करून पुढे चालवायची. कार्ड वाचून झाल्यावर ती म्हणाली, "नाना, मी करते उजवा."

मी कारकून माणूस. काम हाती घेतलं की आधी तक्ता आखतो. भिंतीवर मी एक मोठा कागद लावला. त्यात तारीख, सकाळचं जेवण, संध्याकाळचं जेवण, लेखन आणि शेरा असे रकाने पाडले. माझ्या अक्षराबद्दल मी स्वतः काही बोलणं बरं नाही, पण कलेक्टरसाहेबांकडे जाणारं प्रत्येक पत्र आमच्या ऑफिसात मीच लिहीत असे, एवढी वस्तुस्थिती नमूद करतो. तक्ता बघून बायको म्हणाली, "अहो, तिचा हात आहे तो. तुमची फाईल नाही." मी तिच्याकडे दुर्लक्ष केलं. थोर कामात घरच्यांची साथ मिळत नाही, हे मला ठाऊक होतं.

शेजाऱ्यांची मात्र भरपूर मिळाली. आमच्याच गल्लीत सुकदेव मास्तर राहतात. पेन्शनीत निघालेले, पण छडी अजून खुंटीला आहे. ते म्हणाले, "नेरकर, माझ्या तीस वर्षांच्या नोकरीत एक डावखुरा पोर डावखुरा म्हणून चौथीतून बाहेर पडला नाही. डावा हात म्हणजे नुसता आळस. बांधून टाका." म्हणून डावा हात पंचाने कमरेशी बांधला. पमीने पंचाची गाठ दातांनी सोडली आणि सुटलेल्या डाव्या हाताने पंचाची नीट घडी करून ठेवली. घडी इतकी छान होती की बायकोने मला ती मुद्दाम आणून दाखवली.

मग आमचे घरमालक पुखराजशेठ आले. पुढच्या बाजूला त्यांचं कापडाचं दुकान आहे आणि मागच्या दोन खोल्यांत आम्ही. ते म्हणाले, "नेरकरजी, डाव्या हाताने माल पुढे केला तर गिऱ्हाईक दारातून परत जातं. माझ्याकडे मापाला एक माणूस डावा आहे. हात असा चालतो की मीटरला दोराभर फरक नाही. पण त्याला मी पडद्याच्या मागे बसवतो." एवढा कसबी माणूस पडद्यामागे का, असं त्या वेळी मला विचारायला हवं होतं. मी विचारलं, "मग उपाय काय?" उपाय त्यांच्या मातोश्री सायरबाईंनी सांगितला. डाव्या मनगटाला घुंगरू बांधा, म्हणजे हात हलला की आईला स्वयंपाकघरात कळेल. दोन दिवस घरात टांग्याच्या अड्ड्यासारखा आवाज झाला. तिसऱ्या दिवशी बायकोचं डोकं उठलं आणि तिने घुंगरू सायरबाईंना परत नेऊन दिलं.

कारल्याचा रस डाव्या बोटांना लावावा, हा सल्ला कोणाचा ते आता आठवत नाही. पमीने पहिल्या दिवशी तोंड वाकडं केलं, दुसऱ्या दिवशी काही बोलली नाही आणि चौथ्या दिवशी तिला कारलं आवडायला लागलं. या सगळ्यात वेगळं बोलणारी एकच, आमची दूधवाली शेवंताबाई. ती मूळची एरंडोलकडची. दूध मापता मापता म्हणाली, "नाना, पोरले दोन हात शेतस ना? मंग एक उजवा राही, एक डावा राही. त्यामा काय सुधारानं?" तिला लिहितावाचता येत नसल्यामुळे मी ते मनावर घेतलं नाही.

दहा दिवसांत तक्ता बरा दिसू लागला. उजव्या हाताने जेवण, उजव्या हाताने लेखन. शेऱ्याच्या रकान्यात मी 'प्रगती समाधानकारक' असं लिहिलं. एक गोष्ट मात्र तक्त्यात कुठे बसत नव्हती. पमी बोलेनाशी झाली होती. एरवी ही पोरगी शाळेतून आली की दप्तर टाकायच्या आधी शाळेतलं सगळं ओतायची. आता गप्प येऊन बसायची. जेवताना अर्धा घास ताटाबाहेर पडायचा, तो ती कोणी बघायच्या आत उचलायची. वहीतली अक्षरं रोज पडलेली. मी लाल पेन्सिलीने खाली लिहायचो, 'घाणेरडे अक्षर. पुन्हा लिही.' आणि ती पुन्हा लिहायची.

एका संध्याकाळी असंच पुन्हा लिहिता लिहिता तिने मान वर केली आणि म्हणाली, "नाना, या हाताला येतच नाही."

"मनावर घेतलं की सगळं येतं."

"मग तुम्ही डाव्याने करून बघा."

"त्यात काय?" मी म्हणालो. माणसाचा सर्वनाश करणारे शब्द फार लहान असतात.

तिने लगेच अट घातली. लग्नापर्यंत तिने सगळं उजव्याने करायचं आणि मी सगळं डाव्याने. जेवण, लेखन, दाढी, कुलूप, छत्री, सगळं. सुकदेव मास्तर ओट्यावर बसले होते. त्यांना तिने साक्षीला घेतलं. मास्तरांसमोर माघार घेणं शक्य नव्हतं. शिवाय मनात एक पळवाट होती. ऑफिसात कोण बघतंय?

दुसऱ्या दिवशी सकाळी दाढीला बसलो. डाव्या हातातला वस्तरा गालावरून बरा उतरला, पण ओठाच्या कोपऱ्यावर त्याने स्वतःचा निर्णय घेतला आणि माझी डावीकडची अर्धी मिशी गेली. उरलेली अर्धी ठेवून ऑफिसला जाता येत नाही, म्हणून तीही काढली. आमच्याकडे माणूस मिशी कधी काढतो हे सगळ्यांना माहीत आहे. ऑफिसच्या दारात हेडक्लार्क पितांबरराव खुर्चीतून उठून उभे राहिले, माझा हात हातात घेतला आणि दबक्या आवाजात म्हणाले, "कोण गेलं?" मी कोणी गेलं नाही म्हणालो, तर त्यांना वाटलं की दुःख अजून ताजं आहे. त्यांनी माझ्यासाठी पाणी मागवलं.

पाणी घेऊन हिलाल शिपाई आला. हिलाल आमच्याच गल्लीच्या टोकाला राहतो, त्याची मुलगी पमीच्या वर्गात. ग्लास ठेवून तो माझ्या कानाशी वाकला. "नाना, पमीनी माले सांगेल शे. तुमनावर ध्यान ठेव म्हने." म्हणजे माझ्यावर निरीक्षक नेमला गेला होता, आणि तोही माझ्याच हाताखालचा. पळवाट बुजली. मी हजेरीपत्रक पुढे ओढलं आणि डाव्या हाताने सही केली.

ती सही मी अजून विसरलो नाही. तीन दिवस कोणाच्या लक्षात आलं नाही. चौथ्या दिवशी पितांबररावांनी हजेरीपत्रक डोळ्यांजवळ नेलं, लांब नेलं, चष्मा काढून पाहिलं. माणूस सज्जन, पण नियमाला पक्का. संध्याकाळी मला लेखी मेमो मिळाला. "आपली सही आपल्याच सहीशी जुळत नाही, याचा तीन दिवसांच्या आत खुलासा करावा."

मी खरं तेच लिहिलं. मुलीला उजव्या हाताची सवय लागावी म्हणून मी काही काळ डावा हात वापरत आहे. पितांबररावांनी ते वाचलं आणि मला समोर बसवलं. "नेरकर, सही बदलायची सोय आहे. लग्न झालेल्या बाईला आहे, दत्तक गेलेल्याला आहे, हाताला इजा झालेल्याला आहे. मुलीशी करार केलेल्याला नाही. तुम्ही असं करा, इजा झाली म्हणून लिहा. दाखला आणा. मी फाईल मिटवतो."

खोटं लिहायचं नाही, हा माझा बाणा. मी ओळखीच्या एका डॉक्टरांकडे गेलो आणि सगळं सांगितलं. त्यांनी माझा उजवा हात उचलला, सोडला, कोपरावर ठोकलं आणि बराच वेळ माझ्या डोक्याकडे बघत राहिले. शेवटी म्हणाले, "दाखल्यात खरं तेवढंच लिहितो." आणि लिहून दिलं, 'यांचा उजवा हात सध्या वापरात नाही.' यातला प्रत्येक शब्द खरा होता. मी समाधानाने तो दाखला ऑफिसात दिला.

कागद एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर गेला की त्यातला मजकूर सुजतो. पहिल्या टेबलावर माझा हात वापरात नव्हता. दुसऱ्यावर तो निकामी झाला. आवक-जावकच्या टेबलावर मला लकवा झाला, आणि पाच वाजता ऑफिस सुटलं तेव्हा ती बातमी माझ्याआधी सायकलवर बसून घरी गेली.

मग लोक यायला लागले. पुखराजशेठ डझनभर केळी घेऊन आले आणि म्हणाले, भाड्याची चिंता करू नका. सायरबाईंनी मला बघून पदराने डोळे पुसले. सुकदेव मास्तर रोज संध्याकाळी येऊन मला धीर द्यायचे. करार त्यांच्या साक्षीने झाला होता, पण ते म्हणाले, "खरं दुखणं असलं की माणूस असंच काहीतरी निमित्त पुढे करतो. मी पुष्कळ पाहिलेत." वरणगावच्या फॅक्टरीत असलेला चुलतभाऊ कौतिक सुट्टी टाकून आला, उग्र वासाचं तेल घेऊन. माझं काही एक न ऐकता त्याने तासभर माझा उजवा हात चोळला. चोळून तो खरोखरच दुखायला लागला, तेव्हा कौतिकला आनंद झाला. म्हणाला, "जाणीव परत येतेय, नाना." शेवंताबाई तेवढी दारात कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "बठ्ठी गल्ली म्हनस लकवा व्हयना. तुमले नेमकं व्हयनं काय?" काही नाही, मी म्हणालो. "मंग असं सोंग काबर करतस?" ती म्हणाली आणि चरवी उचलून गेली.

हे सगळं हसण्यावारी नेता आलं असतं. पण त्याच आठवड्यात एक गोष्ट झाली, ती हसण्यावारी गेली नाही.

वरच्या ऑफिसकडे एक अहवाल जायचा होता. पक्की प्रत, लकवा असो नसो, नेहमीप्रमाणे माझ्याकडे आली. हिलाल दारातच स्टुलावर बसलेला. मी डाव्या हाताने लिहायला घेतली. चार तास लिहीत होतो. मान दुखली, जीभ दातांत आली, शाई मनगटाला लागून अक्षरांवर पसरली. मला वाटलं, पहिल्यापेक्षा बरं आलंय. मनातून थोडा खूशही होतो. साहेबांनी आत बोलावलं. साहेब नवे होते, तरुण. दाखला त्यांच्या टेबलावर अजून पोचला नव्हता. त्यांनी कागद दोन बोटांत धरला, दार उघडं होतं, बाहेर सगळे ऐकत होते. "हे काय आहे? कोणी लिहिलंय हे? घाणेरडं. पुन्हा लिहा."

मी कागद घेतला आणि बाहेर आलो. वीस वर्षांच्या नोकरीत माझ्या अक्षराला कोणी बोट लावलं नव्हतं. कोणी माझ्याकडे बघत नव्हतं, यावरूनच सगळ्यांनी ऐकलंय हे कळत होतं. मला ओरडून सांगावंसं वाटलं की मला लिहिता येतं हो, फार चांगलं येतं, फक्त या हाताने येत नाही. मग लक्षात आलं की हे वाक्य मी कुठेतरी ऐकलंय. माझ्याच घरात, माझ्याच समोर बसून, एका मुलीने ते म्हटलं होतं आणि मी तिला मनावर घ्यायला सांगितलं होतं.

घरी गेलो आणि पमीची वही उघडली. पानापानावर माझं वळणदार अक्षर, लाल पेन्सिलीत. साहेबांनी मला एकदा म्हटलं ते मी तिला तेवीस वेळा म्हटलं होतं. मी मोजलं. मला स्वतःची फार लाज वाटली. बायकोने चहा आणून ठेवला, वहीकडे पाहिलं आणि काही न बोलता आत गेली. ती बोलली असती तर बरं झालं असतं.

पमीला मी जवळ घेतलं आणि म्हणालो, "करार संपला. तू डाव्याने लिही, डाव्यानेच जेव. माझं चुकलं." मला वाटलं ती नाचेल. ती माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "नाही नाना. मला करवली व्हायचंय."

"मी अक्काला समजावतो."

"तुम्ही आत्याला घाबरता," ती म्हणाली. हे शंभर टक्के खरं होतं. मग मला वाईट वाटू नये म्हणून तिने पुढे सांगितलं, "तुम्ही सोडलंत तरी चालेल. मी एकटी करते." यावर मी काय सोडणार? भिंतीवरचा तक्ता तेवढा काढून टाकला. अक्काला चार कार्डं लिहायला घेतली आणि चारही फाडली. एक तर मजकूर जमत नव्हता आणि दुसरं, डाव्या हाताचं अक्षर तिला लागलंच नसतं.

पण अक्काला लिहायची गरज पडली नाही. कौतिकने परत जाताना भुसावळहून धुळ्याला तार ठोकली होती. नानाला लकवा, लवकर या. रविवारी दुपारी आम्ही जेवायला बसलो होतो. वरण-बट्टी होती. ज्यांनी डाव्या हाताने बट्टी चुरून त्यावर पातळ वरण घेऊन खाल्लं असेल त्यांना मी काय भोगत होतो ते कळेल. बाकीच्यांनी कल्पना करावी. माझ्या शेजारी पमी, उजव्या हाताने. दोघांच्या पाटाभोवती वरणाचं तळं झालेलं. तेवढ्यात दारातून हंबरडा आला, "माझ्या भावा!"

अक्का पहिल्या एस.टी.ने निघून पारोळा, एरंडोल करत उन्हातान्हाची आली होती. तिने पिशवी उंबऱ्यातच टाकली आणि माझ्यापुढे बसली. बिनमिशीचं तोंड पाहून तिला आणखी रडू फुटलं. हंबरडा ऐकून पुखराजशेठ, सायरबाई आणि मास्तर धावत आले. मी सांगायचा प्रयत्न केला, "अक्का, मला काही झालेलं नाही," पण आजारी माणसाचं कोण ऐकतं? मी अवघडून डाव्या हातातला घास खाली ठेवला, तर तिने माझं मनगट धरलं.

"जेव रे, जेव. लाजतोस कशाला? डाव्या हाताने तर डाव्या हाताने. ज्याचा जो हात चालतो त्याने त्या हाताने खावं. अन्न पोटात गेल्याशी मतलब. देव काय हात बघत बसतो?"

"बराबर," पुखराजशेठ म्हणाले. सायरबाईंनी मान हलवली. मास्तर म्हणाले, "अडचणीला शास्त्रात मुभा आहेच."

पमी ऐकत होती. तिच्या उजव्या हातातून वरण कोपरापर्यंत आलं होतं. तिने विचारलं, "आत्या, मग मी पण जेवू डाव्याने?"

"तुला काय धाड भरलीय? हात चांगला आहे तुझा."

"नाही चालत," पमी म्हणाली. रडली नाही, हट्टही नाही; एखादी माहिती द्यावी तसं तिने सांगितलं. "नानांचा दोन आठवड्यांपासून चालत नाही. माझा जन्मापासून चालत नाही. नानांना सगळ्यांनी केळी आणली. मला कारल्याचा रस लावला."

पुखराजशेठ उगाच छताकडे बघायला लागले. मास्तरांनी खिशातून रुमाल काढला आणि परत ठेवला. स्वयंपाकघराच्या दारात बायको उभी होती, ती तोंड फिरवून आत गेली आणि तिचं नाक ओढल्याचा आवाज आला. अक्का पमीकडे बघत होती. मग तिने आपल्या पदराने पमीचा तो बरबटलेला उजवा हात कोपरापासून बोटांपर्यंत पुसला आणि मांडीवर ठेवून दिला. "जेव," ती म्हणाली. पमीने माझ्याकडे पाहिलं, आणि तक्ता लागल्यापासून पहिल्यांदा ती न सांडता जेवली.

इथेच थांबलो असतो तर शोभलं असतं. पण ताटावर माशी बसली आणि मी ती उजव्या हाताने हाकलली. अक्काने पाहिलं. त्यानंतर तिने मला जे ऐकवलं त्यातल्या निम्म्याला मी लायकच होतो, म्हणून लिहीत नाही. मात्र बोललेला शब्द चार माणसांसमोर बोलला होता आणि अक्का शब्द फिरवणारी नाही. निघताना तिने मला टाळून पमीला सांगितलं, "करवली तूच. पण पंगतीत जरा कोपऱ्यातल्या पाटावर बसायचं. नंदुरबारची माणसं आहेत." माणूस एकाच रविवारी सगळा बदलत नाही, आणि अक्का तर नाहीच.

ऑफिसात मी उजवा हात पुन्हा सुरू झाल्याचं कळवलं. पितांबरराव म्हणाले, तसा दाखला लागेल. डॉक्टर म्हणाले, हात बंद पडला असं मी लिहिलंच नव्हतं, मग चालू झाला असं कसं लिहू? तेव्हापासून हजेरीपत्रकावर मी डाव्या हाताने सही करतो आणि बाकीचं काम उजव्याने.

लग्नात पमी करवली झाली. परकर-पोलकं घालून ती मुरलीधरच्या मागे ताठ उभी राहिली, आणि मांडवाने तिच्याकडे पाहिलं. कऱ्हा दोन्ही हातांनी धरायचा असतो. पंचा, घुंगरू, कारलं आणि तक्ता एवढं सगळं करूनही ही गोष्ट आमच्यापैकी एकाच्याही लक्षात आली नव्हती. बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी अक्षता टाकण्यात मग्न असल्यासारखं केलं.

दुपारी पंगत बसली. पमी कोपऱ्यातल्या पाटावर आणि मी तिच्या शेजारी. बुंदी, पुऱ्या, वांग्याची भाजी, वरती पातळ कढी. पमीने डाव्या हाताने पुरीचा तुकडा मोडला आणि समोरच्या रांगेतल्या दोन बायका एकमेकींच्या कानाला लागल्या. एकीने तर मान पुढे काढून नीट पाहिलं. पमीचा हात थबकला. मला दुसरं काही सुचलं नाही. मी उजवा हात मांडीखाली घातला आणि डाव्या हाताने कढीची वाटी उचलली. बायकांनी तिला सोडून माझ्याकडे बघावं एवढाच हेतू होता, आणि तो साधला. कढी माझ्या नव्या सदऱ्यावर सांडली आणि आता अख्खी रांग माझ्याकडे बघत होती.

पमी मात्र त्यांच्याकडे बघत नव्हती. तिने माझ्या हातातली वाटी काढून खाली ठेवली आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "नाना, तुम्हाला नाही जमत तर उजव्याने जेवा ना. कोणी काही बोललं तर मी आहे."

मी मांडीखालून हात काढला आणि उजव्या हाताने जेवायला लागलो. मला कोणीही काही बोललं नाही.